व्यसनमुक्तीच्या उपचारात रुग्ण स्वतःला इजा करून घेतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बावीस वर्षांचा मुलगा. दारू आणि 'बटण', म्हणजे नायट्राझेपामच्या गोळ्या, अशी दोन्ही व्यसनं. व्यसनमुक्ती केंद्रात येऊन १८ दिवस झाले. हातांची थरथर थांबली, जेवण सुधारलं, आणि रविवारी रात्री त्यानं स्वतःच्या हाताला इजा करून घेतली. सोमवारी सकाळी ब्रदरच्या, म्हणजे पुरुष परिचारकाच्या, लक्षात आलं. जुने व्रणही आहेत. मरायचं नव्हतं, असं तो सांगतो. केंद्रातले काही जण म्हणतात नाटक आहे, काही म्हणतात नियम मोडला, डिस्चार्ज द्या. डॉक्टरांचं म्हणणं, आधी व्यसन सुटू दे, मग हे बघू. समुपदेशकानं काय करावं?

डिस्चार्ज देऊ नका. आणि 'आधी व्यसन, मग हे' असंही करू नका. जिवाची तगमग शमवायला त्या मुलाकडे दोन उपाय होते: एक बाटली-गोळी, दुसरा हा. पहिला आपण काढून घेतला. त्याच्या जागी काहीच दिलं नाही, तर तो दुसऱ्याकडे वळणारच. १८ व्या दिवशी हे घडलं यात आश्चर्य नाही. सुरुवातीचे दिवस शरीराच्या त्रासात जातात, औषधांची गुंगी असते. तिसऱ्या आठवड्यात डोकं साफ होतं आणि इतकी वर्षं दारूखाली दाबलेलं सगळं एकदम वर येतं. दोन्हींचा उपचार एकाच समुपदेशकानं, एकाच फाईलमध्ये, पहिल्या दिवसापासून सोबत चालवायचा असतो.

आधी जखमेचं बघू, कारण तिथेच बरंच बिघडतं. स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा. सलग १० मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, बोटं बधिर वाटत असतील किंवा नीट हलत नसतील, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, तर तो केंद्राचा विषय नाही, लगेच रुग्णालयात न्या. तिथे एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस, नोंदवतील या भीतीनं उपचार लांबवू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारा. स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला १० वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर, आणि मळकट किंवा खोल जखमेला ५ वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर परत द्यावं लागतं. हातमोजे घालूनच ड्रेसिंग करा. दाढीचं पातं दुसऱ्या कुणाचं वापरलं होतं का, हेही विचारा. सुईनं नशा करणारे रुग्ण वॉर्डात असतील तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचा विचार करावाच लागतो, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. रुग्णाला डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ती गोळी, चालू असेल तर जखमेला स्पिरिट लावू नका, आणि अल्कोहोल असलेलं सॅनिटायझरही त्याच्या हातावर चोळू नका. त्वचेतून गेलेल्या थोड्याशा अल्कोहोलनंसुद्धा काहींना चेहरा लाल होणं, धडधड, मळमळ असा त्रास होतो. पोव्हिडोन आयोडीन वापरा.

ड्रेसिंग करणारा माणूस त्या दहा मिनिटांत काय बोलतो, यावर पुढचं बरंच ठरतं. "हे काय करून ठेवलंस?", "आईचा तरी विचार करायचास" असं बोललात, तर पुढच्या वेळी तो तुम्हाला दाखवणारच नाही. जवळ घेऊन, डोक्यावरून हात फिरवून, चहा आणून देऊन अर्धा तास बसलात, तर हीच माया मिळवायला पुन्हा जखम लागते, असा धडा त्याला नकळत मिळतो. पडलेल्या माणसाचा गुडघा साफ करावा तसं करा. "दुखतंय का? आधी हे साफ करू. जेवून घे. अकरा वाजता आपण दोघं बसून बोलू." एवढंच. आणि अकरा म्हणजे अकरा. ती वेळ चुकवू नका.

बोलायला बसलात की पहिला प्रश्न आत्महत्येचा. 'मरायचं नव्हतं' हे त्याचं म्हणणं खरं असू शकतं, पण ते गृहीत धरायचं नाही. स्वतःला इजा करून घेणं आणि आत्महत्येचा प्रयत्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही ज्यांना अशी सवय आहे त्यांच्यात पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, आणि दारू-गोळ्या सोबत असल्या की आणखी वाढतो. शब्द आडवळणाचे नकोत. "झोपलो ते उठलोच नाही तर बरं, असं वाटतं का?" "त्या वेळी जीव द्यायचा विचार मनात होता का, थोडासुद्धा?" "कसं, कधी, असं काही ठरवलंय का?" "याआधी कधी तसा प्रयत्न केला होतास?" याच क्रमानं विचारा. विचारल्यानं डोक्यात विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. नशेत असलेल्या माणसाचं उत्तर अंतिम मानू नका. नशा उतरल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही उत्तरं वेळेसह लिहून ठेवा. हेतू प्रत्येक वेळी बदलू शकतो, म्हणून मागच्या महिन्याचं 'नाही' आज चालत नाही. ठरवलेला बेत असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना त्याच तासात बोलवा आणि त्याला एकटं सोडू नका.

दुसरं, हे विड्रॉलच, म्हणजे नशा बंद केल्यावर शरीराला होणारा त्रासच, तर नाही ना? तो गोंधळलेला, भास होणारा, वेळ-जागेचं भान नसलेला दिसला तर हा समुपदेशनाचा विषय नाही, तातडीच्या वैद्यकीय उपचाराचा आहे. दारूचा कंप-भ्रम (दारू बंद केल्यावरची थरथर, भास आणि गोंधळ) साधारण ४८ ते ९६ तासांत येतो, म्हणजे १८ व्या दिवशी तो धरायचा नाही. पण नायट्राझेपामचं गणित वेगळं आहे. ते शरीरात रेंगाळतं, त्यामुळे विड्रॉल उशिरा सुरू होतो आणि आठवडेच्या आठवडे लांबतो: झोप नाही, आतून थरथर, आवाज सहन न होणं. दारूच्या विड्रॉलसाठी दिलेली औषधं आठवड्याभरात बंद केली, आणि गोळ्यांचं व्यसन वेगळं मोजलंच नाही, असं बऱ्याचदा होतं. मालेगावकडची 'कुत्ता गोळी' म्हणजे अल्प्राझोलाम, तिलाही हेच लागू. अशा गोळ्या हळूहळूच उतरवाव्या लागतात, घाईनं बंद केल्या तर फिट येऊ शकते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे हॅलोपेरिडॉलसारख्या, भास-भ्रमावर देतात त्या औषधांनी येणारी पायांची अस्वस्थता. माणूस एका जागी बसू शकत नाही, सारखा येरझाऱ्या घालतो, 'अंगातून बाहेर पडावंसं वाटतं' म्हणतो. स्टाफला तो चिडलेला वाटतो आणि तेच औषध वाढवलं जातं, त्यानं त्रास आणखी वाढतो. डॉक्टरांना हे नेमक्या शब्दांत सांगा.

आता मूळ प्रश्न: हे त्याला काय देतं? मॅथ्यू नॉक आणि मिचेल प्रिन्स्टिन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये याची चार कामं मांडली. आपल्या रुग्णांच्या तोंडून ती अशी ऐकू येतात: "डोक्यातला गोंगाट बंद होतो." "काहीच जाणवत नव्हतं, निदान काहीतरी जाणवलं." "मग सगळे ओरडायचे थांबतात." "मग कुणीतरी विचारपूस करतं." पहिलं सगळ्यात जास्त ऐकू येतं. शेवटची दोन ऐकली की लोक 'नाटक' म्हणतात. ज्या घरात साधं "मला बरं वाटत नाही" म्हटल्यावर कुणी वळूनही बघत नाही, त्या घरात वाढलेल्या माणसाला हीच एक हाक शिकायला मिळालेली असते. तिचा अर्थ लावणं आपलं काम आहे. आणि लक्षात घ्या, बहुतेक जण हे लपवतात. उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून बसलेला मुलगा नाटक करत नसतो.

व्यसनाशी याचं नातं तीन प्रकारचं असतं, आणि कुठलं आहे हे कळल्याशिवाय योजना करू नका. काहींच्या बाबतीत हे फक्त नशेत घडतं. दारू-गोळ्यांनी लगाम सुटतो. तिथे नशा सुटणं हाच मोठा उपचार आहे आणि स्लिपच्या, म्हणजे पुन्हा नशा घडली त्या, दिवसाची सुरक्षितता आधीच ठरवून ठेवावी लागते. काही फक्त कोरडे, म्हणजे नशेत नसताना करतात. आपला मुलगा बहुधा यातला. तिथे तगमग सहन करायची कौशल्यं विड्रॉल संपण्याआधीच शिकवायला हवीत. तिसऱ्यांत साखळी असते: इजा, मग लाज, ती लाज विसरायला नशा, नशेनंतर पुन्हा लाज. यातलं एकच धरून उपचार केला तर दुसरं त्याला परत ओढून आणतं. विचारायचा प्रश्न साधा आहे: "शेवटच्या पाच वेळा आठव. प्रत्येक वेळी आधी प्यायला होतास, नंतर प्यायलास, की अजिबात नाही?"

यानंतर साखळी मांडायची, म्हणजे इजेच्या आधी आणि नंतर काय काय घडलं ते कडीकडीनं लिहायचं. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या उपचारपद्धतीतली, आणि माझ्या मते या सगळ्या उपचारातलं सगळ्यात उपयोगी हत्यार. कागद आडवा धरा, डावीकडे घटनेच्या आधीचा दिवस, उजवीकडे दुसरी सकाळ. एकच प्रसंग घ्या आणि घड्याळ लावून लिहा. त्या रविवारचा कागद साधारण असा दिसेल:

सकाळी १०, भेटीची वेळ. वडील येणार होते, आले नाहीत. १२:३०, फोनवर भाऊ म्हणाला, "तुझ्यापायी घर गहाण पडलंय." दुपारी जेवला नाही. ४ च्या गटचर्चेत 'ठीक आहे' म्हणाला. रात्री ताटातली भाकरी तशीच. ९:३० ला गोळ्या. ११:१५, पलंगावर, छातीत धडधड, जबडा आवळलेला, मनात एकच वाक्य: 'मी कुणाच्याच कामाचा नाही.' ११:४०, बाथरूम. त्यानंतर वीस मिनिटं शांत, झोप लागली. सकाळी ६, लाज; बाह्या खाली ओढल्या. ८ वाजता दारूची तलफ, दहापैकी आठ.

असा कागद समोर आला की 'अचानक झालं' हे वाक्य गळून पडतं. ११:४० ला रोखणं जवळजवळ अशक्य होतं. पण १२:३० च्या फोननंतर कुणी पाच मिनिटं भेटलं असतं तर? दोन जेवणं चुकली हे कुणाच्या लक्षात आलं? 'ठीक आहे'वर गट पुढे का गेला? रुग्णाला एकेका कडीपाशी थांबवून विचारा, "इथे वेगळं काय करता आलं असतं?" उत्तर त्याच्याकडून येऊ द्या, आपण फक्त ते करून बघायला जागा द्यायची. शेवटची कडी विसरू नका: 'वीस मिनिटं शांत, झोप लागली.' हे खरं आहे, त्याला फायदा झाला, म्हणूनच तो पुन्हा करतो. ते नाकारलंत तर तुमच्यावरचा विश्वास जातो. "हे तुला शांत करतं, मान्य. पण सकाळी तलफ आठवर नेतं. दोन्ही खरं आहे." इथे नेमकं कसं, कुठे इजा केली याचा तपशील खणत बसायची गरज नाही, तो भाग एका ओळीत उरकून आधी-नंतरचं विचारा.

पर्याय शिकवताना वेळेचं भान ठेवा. ही ओढ लाटेसारखी असते, बहुतेकांत वीस-तीस मिनिटांत ओसरते. त्यामुळे लक्ष्य 'कधीच नाही' असं ठेवू नका, 'आत्ता पंधरा मिनिटं नाही' असं ठेवा. त्या पंधरा मिनिटांसाठी शरीरावर थेट काम करणारं काहीतरी हवं. थंड पाण्याच्या टोपात चेहरा बुडवून १५ ते ३० सेकंद श्वास रोखला की नाडी मंदावते. हृदयाचा आजार असेल, बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध) चालू असेल, खाण्याचा विकार असेल किंवा विड्रॉल अजून जोरात असेल तर हे करू नका. त्याऐवजी ४ मोजेपर्यंत श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. किंवा जिना घामेजेपर्यंत चढ-उतार. हे सगळं शांत असताना, दिवसातून दोनदा, रोज करवून घ्या. विहिरीत पडल्यावर पोहायला शिकता येत नाही. मनगटावर रबर बँड ओढणं, लाल शाईनं रेघा काढणं असे पर्याय मात्र देऊ नका. त्यात वेदना आणि दृश्य तेच राहतं, सवय तशीच ताजी राहते.

रोजची नोंद छोटी ठेवा. रात्रीच्या जेवणाआधी दोन मिनिटं, एकाच कार्डावर पाच रकाने: तलफ ० ते ५, इजेची ओढ ० ते ५, झोप किती तास, औषधं घेतली का, आज सर्वात जड काय वाटलं. लिहिता येत नसेल त्याला टिंबं काढायला सांगा. दोन आकडे शेजारी असले की आठवड्याभरात रुग्णाला स्वतःलाच दिसतं की दोन्ही एकत्र चढतात.

वॉर्डाबद्दल. नियम म्हणून ब्लेड, काच, पट्टे काढून घेणं योग्यच, दाढी देखरेखीखाली असावी. पण झडतीवरच सगळा भर दिला तर समुपदेशक जेलर होतो. शिक्षा म्हणून खोलीत कोंडणं तर कायद्यानंच बंद आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, आणि कलम ९७ नुसार एकांतकोठडी चालत नाही. बांधून ठेवणं केवळ तात्काळ धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीनं नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवून. रात्री ११ ते २ या वेळेत स्टाफ सर्वात कमी असतो आणि तगमग सर्वात जास्त, म्हणून त्या वेळेची एक फेरी वाढवणं दहा झडत्यांपेक्षा उपयोगी.

गटात जखमांची वर्णनं होऊ देऊ नका. हे एकाकडून दुसऱ्याकडे जातं, विशेषतः वीस-पंचवीसच्या वयात. व्रण गटात झाकलेले असावेत, पण त्याला लाज वाटावी म्हणून नाही. कारण त्याला समजावून सांगा. गटात 'मला ओढ झाली, मी ब्रदरला उठवलं' हे बोलता येईल, 'काय केलं' हे समुपदेशकासोबत एकट्यात.

'पुन्हा करणार नाही' असं लिहून घेऊ नका. आपल्याकडे दारू सोडायला माळ घालतात, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात. श्रद्धेनं काहींना बळ मिळतं, त्याबद्दल आदर आहे. पण इथे शपथ मोडली की 'आता मोडलंच आहे तर सगळंच मोडू दे' असं होतं, आणि इजेमागून स्लिप येते. त्याऐवजी सुरक्षितता योजना लिहा. धोक्याची खूण (त्याची: जेवण टाकणं, जबडा आवळणं), एकट्यानं करायच्या दोन गोष्टी, ज्यांच्याजवळ जाऊन बसता येईल अशी माणसं आणि जागा, ज्यांना मदत मागता येईल अशी दोन नावं, तज्ज्ञ आणि हेल्पलाइन, आणि घरातून काय हलवायचं. सगळं त्याच्या शब्दांत, एका पानावर.

औषधांबाबत डॉक्टरांशी बोलायच्या तीन गोष्टी. घरी जाताना महिन्याच्या गोळ्या एकदम देऊ नयेत, ७ दिवसांच्या द्याव्यात आणि घरच्या जबाबदार माणसाकडे ठेवाव्यात. ज्याचा स्वतःवरचा ताबा पटकन सुटतो त्याला डायसल्फिराम देताना दोनदा विचार व्हावा, कारण चिडून त्यावर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. आणि झोपेसाठी पुन्हा बेन्झोडायझेपिनच (नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम याच गटातल्या गोळ्या) सुरू होत नाही ना, हे बघावं. त्यानं काहींचा उरलासुरला ताबाही जातो. ब्राउन शुगरचा (हेरॉइनचा) रुग्ण असेल तर बुप्रेनॉर्फिन, म्हणजे त्या नशेऐवजी देतात ते औषध, चालू ठेवणं हीच मोठी सुरक्षितता असते, कारण केंद्रात शरीराची नशा पेलायची सवय उतरलेली असताना बाहेर जाऊन जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो.

घरच्यांना सांगायचं का? तो सज्ञान आहे, गोपनीयतेचा हक्क त्याचा. जिवाला धोका असेल तर तो अपवाद, आणि हा अपवाद त्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेला असावा. तसा धोका नसेल तर त्याच्या संमतीनं, त्याच्यासमोर, भावाला आणि वडिलांना बसवा. त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागा: घराच्या कर्जाचं बोलणं फोनवर नको, समुपदेशकासमोर, आणि भेटीला येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. स्त्री रुग्ण असेल तर मात्र घरच्यांना बोलावण्याआधी जखम तिनंच केली आहे ना, हे तिला एकटीला विचारा. नवऱ्याच्या मारहाणीचे व्रण 'स्वतःच केले' म्हणून सांगितले जातात.

केंद्राला हे खरंच पेलत नसेल, रात्री डॉक्टर नसेल, तर रुग्णाला बाहेर काढायचं नाही, पुढे पाठवायचं: त्या रुग्णालयाशी फोनवर बोलून, चिठ्ठीत औषधांचे डोस, विड्रॉलची तारीख आणि साखळीचा कागद जोडून, सोबत माणूस देऊन. डिस्चार्जनंतरचे पहिले दिवस सर्वात नाजूक, म्हणून ४८ तासांत फोन आणि सात दिवसांत भेट आधीच ठरवा. सुरक्षितता योजनेच्या पानावर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ हाताने लिहून द्या. मोबाइल विकला किंवा गहाण टाकला तरी ते पान खिशात राहतं.